पेटीला हळद

माझा भाचा गेला हे मला बॅनरवरून कळलं. लष्कराचा फोन नाही, पोलिसांचा निरोप नाही, घरचं माणूस धावत आलं नाही. पाटोद्याच्या बाजारात एका बैलजोडीचा सौदा चालला होता. माझा उजवा हात गिऱ्हाइकाच्या हातात होता आणि वरून माझं उपरणं टाकलेलं होतं. तेवढ्यात शेजारच्या दलालाने मोबाइल माझ्या तोंडापुढे धरला. वर एका नेत्याचा मोठा हसरा फोटो, त्याच्या आजूबाजूला त्याच्या कार्यकर्त्यांचे लहान फोटो, आणि खाली कोपऱ्यात वर्दीतला एक पोरगा, मेणबत्तीशेजारी. फोटोंच्या आकारावरून मला आधी वाटलं, नेताच गेला. मग मी त्या पोराकडे नीट पाहिलं.

गिऱ्हाइकाने अजून माझी तीन बोटं धरून ठेवली होती. मी हात सोडवून घेतला आणि पिकअपकडे चालू लागलो. मागून तो विचारत राहिला की सौदा झाला का मोडला.

मी बैलांचा बेपारी. बाप दुसऱ्यांची मेंढरं राखायचा आणि मी त्याच्यामागे अनवाणी हिंडायचो. आज माझ्या दोन गाड्या आहेत, आणि ऊसतोडीला निघणारी या भागातली निम्मी माणसं दसऱ्याच्या आधी बैलासाठी माझ्या दारात येतात. हे मला कोणी दिलेलं नाही. मी ते भांडून, घासाघीस करून आणि शिव्या देऊन-घेऊन मिळवलं आहे. माझं तोंड वाईट आहे असं सगळा तालुका म्हणतो, आणि त्यात खोटं काही नाही.

आमच्या धंद्यात भाव तोंडाने बोलत नाहीत. उपरण्याखाली बोटं धरायची. एक बोट धरलं तर एक, पंजा धरला तर पाच. भोवती पन्नास माणसं उभी असली तरी आकडा त्या दोघांतच राहतो. जनावराची परीक्षाही तशीच हाताने सांगायची, आणि ती आण्यांत. सोळा आणे बैल म्हणजे बिनखोट. बारा आणे म्हणजे कुठेतरी खोड आहे. आमच्याकडे पीकही आण्यांतच सांगतात, त्यामुळे कोणाला त्याचं नवल वाटत नाही.

भाच्याला मी हे सगळं शिकवलं होतं. थोरल्या बहिणीचा, आक्काचा, तो एकुलता एक. मी त्याला धंद्यात घ्यायला तयार होतो. तो हसला आणि म्हणाला, "मामा, तुमच्या बैलांचे दात मोजण्यापेक्षा सरकारची बंदूक बरी." दाजी आयुष्यभर उसाच्या फडात कोयता चालवत आले. पोराला तो कोयता नको होता आणि माझे बैलही नको होते. आमच्याकडच्या पोरांना तिसरी वाट एकच दिसते. सकाळी अंधारात डांबरी रस्त्यावर पळायचं, छाती फुगवायची आणि भरतीला जायचं. तो गेला आणि लागला. पहिल्या सुट्टीत आला तेव्हा गावातल्या प्रत्येकाने त्याच्याबरोबर फोटो काढला. मीही काढला.

दिवाळीनंतर त्याचं लग्न करायचं ठरलं होतं. मुलगी आमच्याच नात्यातली होती. सुपारी फुटली होती. आक्काने घरची हळद उन्हात वाळवून, कुटून, चाळून, डब्यात भरून ठेवली होती. विकतच्या हळदीत रंग घालतात म्हणून तिचा विश्वास नव्हता.

सीमेकडच्या डोंगरात त्यांच्या गाडीखाली स्फोट झाला. गाडीत जितके होते तितके गेले. टीव्हीवर एक माणूस कोट घालून ओरडत होता की आता बदला घेतलाच पाहिजे. त्याच्यासमोर चहाचा कप होता. मी आक्काच्या घरी पोचलो तेव्हा ती त्या टीव्हीकडे पाठ करून बसली होती. रडत नव्हती. बायका तिला हलवून रडवायचा प्रयत्न करत होत्या. मी सगळ्यांना बाहेर काढलं.

तिने मला एकच गोष्ट सांगितली. "भाऊ, त्याला हळद लावल्याबिगर जाऊ द्यायचा न्हाई."

आमच्यात तशी रीतच आहे. लग्नाचा पोरगा बिनलग्नाचा गेला तर त्याला तसाच कोरडा नेत नाहीत. आईने हळद लावायची. पाय, गुडघे, हात, खांदे, कपाळ, जशी नवरदेवाला लावतात तशीच. आणि त्या वेळी मामाने मागे उभं राहायचं. लग्नातही मामा मागे उभा राहतो, इथेही राहतो. ते झालं की पोरगा संसाराची आस ठेवून घुटमळत नाही, असं आमच्या बायका मानतात. खरं-खोटं मला विचारू नका. मला एवढं कळत होतं की आक्काने मागितलेली ती एकच गोष्ट होती आणि ती मिळवून देणं माझं काम होतं. मी तिला हो म्हणालो. ते फार अवघड असेल असं तेव्हा मला वाटलं नाही.

मयत येईपर्यंत मधे दोन रात्री गेल्या, आणि त्या दोन दिवसांत गावाचं काय झालं ते मी विसरणार नाही. शाळेच्या मैदानावर मांडव पडला. खुर्च्या आल्या, पुढच्या रांगेला पांढरी कव्हरं घातलेल्या. नेत्याचा एक माणूस सगळं बघत होता. त्याच्या पायात पांढरे बूट होते, आणि मैदानावर पाणी मारल्यामुळे चिखल झाला होता, म्हणून तो सारखा फळीवरून फळीवर उडी मारत होता. डीजेची गाडी आली. डीजेवाल्याने विचारलं की देशभक्तीची गाणी वाजवायची का नुसतं संगीत. पांढऱ्या बुटाने सांगितलं, आधी देशभक्तीची, आणि साहेब आले की साहेबांचं गाणं. डीजेवाला एवढं साधं विचारून मोकळा झाला, जशी वरात काढायची होती.

दाजींना नेत्याच्या माणसांनी मांडवात नेऊन बसवलं होतं. वाईट माणूस नव्हे तो, पण आयुष्यभर मुकादमाच्या आणि तोडीची चिठ्ठी देणाऱ्या कारखान्याच्या चिठ्ठीबॉयच्या समोर खाली मान घालून उभा राहिलेला. त्याला पहिल्यांदा कोणीतरी खुर्ची दिली होती, कोणीतरी पाणी विचारत होतं, कोणीतरी 'वीरपिता' म्हणत होतं. टीव्हीच्या पोरीने माइक पुढे केला आणि विचारलं, तुम्हाला कसं वाटतंय. दाजी म्हणाले, अभिमान वाटतोय. तो शब्द त्यांनी त्या दिवसाआधी कधी वापरला असेल असं मला वाटत नाही. त्यांना तो शिकवलेला होता.

कार्यक्रम कसा आहे ते मी पांढऱ्या बुटाला विचारलं. त्याने सांगितलं की फाट्यावरून मिरवणूक निघेल, बाजारपेठेतून वळसा घालून थेट मैदानावर जाईल. तिथे मानवंदना होईल, साहेबांचं भाषण होईल आणि मैदानाशेजारीच अग्नी देतील. मी विचारलं, घरी कधी आणणार. तो म्हणाला, घरी आणायचं ठरलेलं नाही, गल्ली अरुंद आहे, फुलांनी सजवलेला ट्रक आत वळत नाही. ट्रक वळत नाही म्हणून पोरगा आईकडे जाणार नाही. मी त्याची कॉलर धरली. चार माणसांनी मला सोडवलं. त्यांतले दोघे माझ्याच भावकीतले होते, आणि त्यांनी मला बाजूला नेऊन समजावलं की मामा, असं करू नका, गावाचं नाव होतंय.

गावाचं नाव. माझ्या मनातून ती गोष्ट अजून गेलेली नाही. ते दोघे आजही बैलाला येतात आणि मी त्यांना दारातून परत लावतो.

लष्कराची गाडी दुपारी फाट्यावर आली. सोबत एक सुभेदार आणि काही जवान होते. सुभेदार पन्नाशीकडे झुकलेला, उन्हाने काळवंडलेला, बूट धुळीने भरलेले. पेटी गाडीतून उतरवून त्या सजवलेल्या ट्रकवर ठेवायची होती. जवानांबरोबर मीही खांदा दिला.

तीस वर्षं मी जनावरं उचलतोय, हाताने तोलतोय, अंदाज सांगतोय. पेटी खांद्यावर आली आणि सवयीने मी वजन तोललं. लाकडाचं वजन होतं, पितळी कड्यांचं वजन होतं, झेंड्याचं आणि हारांचं होतं. आमच्या पोराचं नव्हतं. तो अंगाने चांगला होता, आमच्या घरात सगळ्यांत उंच. मी शेजारच्या जवानाच्या तोंडाकडे बघितलं. त्याने नजर समोर ठेवली.

मग वाट बघणं सुरू झालं. नेता अंबाजोगाईला कुठल्याशा इमारतीचं उद्घाटन करत होता आणि त्याला उशीर होणार होता. तो फाट्यावर येऊन ट्रकवर चढल्याशिवाय मिरवणूक निघणार नव्हती. ऊन मी म्हणत होतं. ट्रकवरची झेंडूची फुलं माना टाकायला लागली तशी पांढऱ्या बुटाने माणूस पाठवून त्यांच्यावर पाणी मारून घेतलं. फुलांवर. पेटीच्या सावलीची कोणाला आठवण झाली नाही. शेवटी सुभेदाराने स्वतः ताडपत्री मागून घेतली आणि जवानांकडून वर बांधून घेतली.

मी त्याच्याजवळ जाऊन उभा राहिलो. मामा आहे म्हणून सांगितलं. त्याने हात जोडले. पेटी उघडता येईल का, आईला हळद लावायची आहे, असं मी हळूच विचारलं. त्याने मान हलवली. "मालक, उघडायचा हुकूम नाही." मी विचारलं, का नाही. त्याने आजूबाजूला पाहिलं. भोवती माणसं होती, मोबाइल वर धरलेले होते, एक कॅमेरा आमच्याकडेच वळलेला होता. तो काही बोलला असता तर ते संध्याकाळी साऱ्या महाराष्ट्राने ऐकलं असतं.

बोलण्याच्या ओघात कळलं की तो सांगोल्याकडचा. बैलांच्या बाजाराचा मुलूख. मी खांद्यावरचं उपरणं काढलं आणि घाम पुसल्यासारखं करून माझ्या हातावर टाकलं. त्याच्याकडे बघितलं. त्याला लगेच कळलं, ते त्याच्या डोळ्यांत दिसलं, आणि क्षणभर तो मागे सरकला. मग त्याने उपरण्याखाली हात घातला.

मी विचारलं, "सोळा आण्यांतले किती?"

त्याचा हात माझ्या हातात तसाच पडून होता. गार होता, एवढ्या उन्हात. मला वाटलं तो सांगणार नाही. मग त्याने माझी चार बोटं धरली, एकदाच दाबली आणि हात काढून घेतला. त्यानंतर तो ताडपत्रीची दोरी नीट बांधायला गेला. दोरी नीटच होती.

आयुष्यभर त्या उपरण्याखाली मी लबाडी केली आहे, खेकसलो आहे, हसलो आहे. त्या दिवशी ते परत खांद्यावर टाकवेना. गुंडाळून हातात धरलं.

पेटी उघडायची नाही, एवढं पक्कं झालं. पण पेटी घरी जायलाच हवी होती. आता माझ्याकडे काय आहे जे त्या पांढऱ्या बुटाला हवं आहे, याचा मी विचार केला. बेपारी असाच विचार करतो, मयताच्या दारातही करतो. आणि मला सापडलं. त्यांच्याकडे बाप होता, मांडव होता, ट्रक होता, येऊ घातलेला नेता होता. आई नव्हती. आक्का सकाळपासून घराबाहेर पडली नव्हती. तिच्याशिवाय त्यांचा फोटो पुरा होत नव्हता. नेत्याला वीरमातेच्या पाया पडायचं होतं, ते कार्यक्रमात धरलेलं होतं.

मी पांढऱ्या बुटाला गाठलं आणि सांगितलं, आई स्टेजवर येईल, पण आधी पेटी घरी जाईल. तो म्हणाला, ट्रक वळत नाही. मी म्हणालो, ट्रक इथंच राहू दे, जवान खांद्यावर नेतील. तो म्हणाला, साहेब मधेच आले तर. मी म्हणालो, आले तर थांबतील, इतका वेळ पोरगा थांबलाय. त्याने फोन लावला, बाजूला जाऊन बोलला, परत आला.

"पण आई नक्की यायला पाहिजे, मामा. ऐन वेळी रडारड, नाटक नको."

"येईल म्हणलं ना बे."

आम्ही हात मिळवला. त्याच्या बोटांत अंगठ्या होत्या. माझ्या सख्ख्या बहिणीचं तोंड मी त्या माणसाला देऊन टाकलं होतं. मी वाईट सौदे पुष्कळ केले, पण इतका किळसवाणा दुसरा नाही. तरीही परत तशीच वेळ आली तर परत तेच करीन, कारण देण्यासारखं दुसरं काही नव्हतं.

जवानांनी पेटी गल्लीतून आणली. आक्काने अंगण सारवून ठेवलं होतं. पाटाशेजारी वाटीत हळद कालवलेली होती. मी आलेल्या सगळ्यांना बाहेर थांबवलं आणि दार लोटून घेतलं. आत आक्का, मी, सुभेदार आणि दोन जवान. पेटी पाटावर ठेवली.

ती म्हणाली, "उघडा."

सुभेदार माझ्याकडे बघायला लागला. मी म्हणालो की आक्का, उघडायचा हुकूम नाही, वरूनच लाव.

"कावून?"

मी म्हणालो, कायदा आहे.

"माज्या पोराला बघायला कसला कायदा? भाऊ, लांडग्यानं फाडल्याली कोकरं म्या पदरात घालून आणल्यात. तूबी व्हतास संगं. मला कशापाई भेवाडतोस?"

ते खरं होतं. बापाच्या मेंढरांत लांडगा पडला होता तेव्हा मी झाडामागे ओकत होतो आणि ती तुकडे गोळा करत होती. तिला खोटं सांगून काही होणार नव्हतं. आणि खरं माझ्या तोंडातून निघत नव्हतं. इतकं चालणारं माझं तोंड.

मी तिच्यासमोर खाली बसलो. तिचा पदर धरून तिच्या हातावर ओढला आणि त्याखाली तिचा हात धरला. बाजारात बायकांचा हात असा कधी धरत नाहीत. पण ती त्याच बापाची पोर होती, आमच्या घरात लहानपणी आम्ही हा खेळ खेळायचो, चिंचोके ठेवून. मी तिची चार बोटं धरली.

ती थांबली. जणू पुढची बोटं मी धरायची राहिली आहेत आणि ती त्यांची वाट बघतेय. मग तिने विचारलं, "बास?"

मी हो म्हणून मान डोलावली.

तिने माझा हात झटकला. मला वाटलं आता ती किंचाळेल. तिने वाटी जवळ ओढली आणि सुभेदाराला विचारलं, "पाय कुन्या अंगाला हायेत?"

तो माणूस लष्करात पंचवीस-तीस वर्षं काढलेला. त्याने किती काय पाहिलं असेल. मग त्याने सावकाश हात उचलून पेटीची एक बाजू दाखवली. खरं दाखवलं की खोटं, ते मला आजही माहीत नाही आणि मी त्याला कधी विचारलं नाही. त्याने वाकून झेंड्याची कड अलगद वर धरली, हळद झेंड्याला लागू नये म्हणून, आणि दुसऱ्या जवानाने दुसरी कड धरली.

आक्काने लाकडाला हळद लावली. आधी पायांच्या जागी. मग गुडघे असतील तिथे. मग दोन्ही बाजूंना हातांच्या जागी, मग खांदे. मी मागे उभा होतो, मामाने उभं राहायचं तसा. कपाळाच्या जागी आल्यावर तिने दोन्ही हात सगळेच्या सगळे टेकवले आणि तशीच राहिली. तिच्या ओठांतून काहीतरी चाललं होतं. हळदीचं गाणं होतं ते, लग्नातलं, सूर न लावता नुसते शब्द.

बाहेर डीजे सुरू झाला. नेता आला होता. दारावर थापा पडायला लागल्या.

जवानांनी पेटी उचलली. मी आक्काला म्हणालो, "चल, स्टेजवर जायचंय. म्या शब्द दिलाय."

ती हात न पुसता भिंतीला टेकून बसली होती. "तू दिलायस, तू जा."

मी काय तोंडाने तिला परत म्हणणार. बाजारात शब्द मोडणारा माणूस मेल्यासारखाच. मी तो त्या दिवशी मोडला आणि मला त्याचं तिळभर वाईट वाटलं नाही. मैदानावर जाऊन पांढऱ्या बुटाला सांगितलं की आई येत नाही, तुला काय करायचं ते कर. तो मला शिव्या देईल असं वाटलं होतं. तो फक्त म्हणाला, "काही हरकत नाही, मामा, व्यवस्था झाली."

व्यवस्था म्हणजे काय ते स्टेजवर दिसलं. दाजींच्या शेजारच्या खुर्चीत आक्काची चुलत जाऊ बसलेली होती, पांढरी साडी, पदर हनुवटीपर्यंत ओढलेला. निवेदक तिला वीरमाता म्हणत होता. नेता वाकून तिच्या पाया पडला आणि कॅमेऱ्यांचा लखलखाट झाला. ती बिचारी दचकून पाय मागे घेत होती. दाजी शेजारी बसून सगळं बघत होते. त्यांनी एकदाही मान वळवली नाही. सगळं गाव समोर बसलं होतं. आक्काला ओळखणारं, तिच्या हातची भाकरी खाल्लेलं गाव. एक माणूस उठून म्हणाला नाही की ही ती नव्हे.

मी ओरडलो. डीजेवर कोणाला ऐकू जाणार.

हवेत गोळ्या झाडल्या तेव्हा पलीकडच्या माळावरची मेंढरं उधळली. झेंड्याची घडी घालून द्यायची वेळ आली. पांढऱ्या बुटाने सुभेदाराला त्या खुर्चीकडे वळवलं. सुभेदाराने त्या बाईकडे पाहिलं, तिच्या कोरड्या स्वच्छ हातांकडे पाहिलं, आणि घडी दाजींच्या मांडीवर ठेवून ताडकन सलाम ठोकला. मग पेटीसकट अग्नी दिला. भाषण त्यानंतरही चाललं. एकाच्या बदल्यात दहा मुंडकी आणू, असं नेता म्हणाला आणि टाळ्या पडल्या. कुठली दहा, कोणाची, त्यांच्याही आया हळदी कुटून बसल्या असतील की नाही, हे विचारायला तिथे कोणी नव्हतं. मला त्या टाळ्यांची शिसारी आली.

दुसऱ्या दिवशीच्या पेपरात जावेचा फोटो आला. तिसऱ्या दिवशी सावडायचं होतं. आदल्या संध्याकाळी कळलं की अस्थींचा कलश करून तो रथातून सगळ्या तालुक्यांत फिरवणार आहेत. मी आक्काला सांगितलं. मला वाटलं ती म्हणेल, भाऊ, भांड जाऊन. ती म्हणाली, "दिस उगवायच्या आत गाडी काढ."

आमच्यात बाई सावडायला जात नाही. ती गेली. माझी पिकअप मैदानाशेजारी लावून मी उभा राहिलो आणि तिने राख हाताने चाळली. पेटीचे खिळे, कड्या, बिजागऱ्या बाजूला टाकल्या. जे तिचं होतं ते निवडून धुवट धोतराच्या फडक्यात घेतलं. फार नव्हतं. मी मदतीला वाकलो तर म्हणाली, तू नको हात लावू, तुला वळखू येणार न्हाई.

आम्ही माजलगावच्या धरणाकडे निघालो. सिंदफणेच्या पाण्यात सोडायचं होतं. पिकअपला जनावरांचा वास येत होता. मी धुतली होती, पण तो वास जात नाही. आक्का पुढच्या सीटवर फडकं मांडीवर घेऊन बसली होती. ऊन चढेपर्यंत आम्ही निम्म्या वाटेवर आलो होतो.

मागून भोंगा ऐकू यायला लागला. आरशात बघितलं तर रथ येत होता. पुढे मोटारसायकली, झेंडे, मागे फुलांनी मढवलेली उघडी जीप आणि तिच्यात तांब्याचा कलश, लाल कापडाने तोंड बांधलेला. पांढऱ्या बुटाने सकाळी जाऊन काय भरलं असेल ते भरलं होतं. लाकडांची राख भरपूर उरली होती. रथाच्या बाजूला मोठं बॅनर होतं, त्यावर पाया पडायला वाकलेला नेता आणि पदरातली ती जाऊ.

मोटारसायकलवाल्या पोरांनी मला गाडी रस्त्याखाली घ्यायला लावली. माजलगावकडची पोरं होती, आम्हाला ओळखणारं त्यांत कोणी नव्हतं. मी चाकं मातीत उतरवली. रथ सावकाश शेजारून जाऊ लागला. रस्त्यावरची माणसं चपला काढून उभी राहिली. एका पोराने गाडी थांबवून खिडकीतून आत डोकावलं, आक्काकडे बघितलं आणि म्हणाला, "ओ मावशी, शहीद चाललेत. हात तर जोडा."

माझ्या हातात स्टिअरिंग होतं आणि सीटखाली लोखंडी टामी होती. मी टामीकडे हात नेला. आक्काने माझ्या मनगटावर हात ठेवला आणि लगेच उचलून परत फडक्यावर नेला. तिच्या नखांत हळद अजून होती.

"माजे हात गुतल्यात, बाबा," ती त्या पोराला म्हणाली. "जा तू."

तो काहीतरी पुटपुटत पुढे गेला. रथ वळणाआड जाईपर्यंत आम्ही थांबलो, कारण रस्ता मोकळा नव्हता.